'वॉर्म' आवाज बाजूला ठेवा, जुन्या ॲनालॉग सिंथनी बदललं ते वेगळंच

आधी तुमचा प्रश्न माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी भलत्याच प्रश्नाचं उत्तर देत बसणार नाही. तुम्ही लॅपटॉपवर ट्रॅक करता, मिनीमूग या जुन्या सिंथची (सिंथेसायझर, म्हणजे विजेच्या सर्किटने आवाज घडवणारं वाद्य) नक्कल करणारं सॉफ्टवेअर तुमच्याकडे आहे, मित्राने खरा मिनीमूग आणि सॉफ्टवेअर नावं न सांगता ऐकवलं तेव्हा तुम्हाला फरक कळला नाही. मग साठ-सत्तरच्या दशकातल्या या मशीन्सनी इलेक्ट्रॉनिक म्युझिक घडवलं असं सगळे का म्हणतात, त्या आवाजामुळे का, आणि शिकायला म्हणून एक खरा ॲनालॉग सिंथ, म्हणजे आवाज थेट सर्किटमध्ये तयार करणारा, घ्यावा का.

तुमचे कान ठीक आहेत. मी नाटकांचं पार्श्वसंगीत करतो आणि जोडीला जुने सिंथ आणि ऑर्गन दुरुस्त करतो, त्यामुळे खरी मशीन्स आणि सॉफ्टवेअर दोन्ही हाताखाली असतात. आजचं चांगलं सॉफ्टवेअर एखादा स्थिर स्वर लावून ऐकलं तर फरक ओळखणं अवघड आहे, आणि मागे ताल, बास, गाणं सगळं आलं की जवळजवळ अशक्य. फरक जाणवतो तो हाताने वाजवताना, फिल्टरचा (आवाजातला काही भाग गाळणारा भाग) रेझोनन्स, म्हणजे गाळण्याच्या जागची धार, टोकाला नेऊन नॉब फिरवताना, मिक्सर पूर्ण उघडून फिल्टरला जरा जास्तच सिग्नल देताना. म्हणजे वाजवणाऱ्याला जास्त आणि ऐकणाऱ्याला कमी. त्यामुळे फक्त 'वॉर्म', म्हणजे ऊबदार म्हणतात त्या आवाजासाठी घ्यायचा विचार असेल तर माझं मत सरळ आहे, घेऊ नका.

पण या मशीन्सचा प्रभाव आवाजापुरता होता असं मानलं तर गोष्टीचा मोठा भाग हातातून निसटतो. माझ्या मते त्यांनी काम करायची पद्धत बदलली. कुठल्या मशीनवर काय सहज जमत होतं आणि काय अजिबात जमत नव्हतं, त्यावरून पुढचं संगीत ठरत गेलं. हे जरा सविस्तर सांगतो, कारण घ्यायचा की नाही याचं उत्तरही त्यातच आहे.

सिंथ यायच्या आधी इलेक्ट्रॉनिक संगीत म्हणजे मुख्यतः टेप. १९६३ साली बीबीसीच्या रेडिओफोनिक वर्कशॉपमध्ये डेलिया डर्बीशायर यांनी 'डॉक्टर हू' या मालिकेचं शीर्षक संगीत केलं तेव्हा हाताशी सिंथ नव्हताच. छेडलेली तार, टेस्टिंगसाठी असतात ते ऑसिलेटर (ठरावीक वेगाचा कंप तयार करणारी सर्किटं) आणि नॉइज यांचे आवाज टेपवर घ्यायचे, टेपचा वेग कमीजास्त करून स्वर मिळवायचा, मग एकेका स्वराची टेप ब्लेडने कापून चिकटवायची. न्यूयॉर्कला कोलंबिया-प्रिन्स्टन केंद्रात १९५७ पासून आरसीए कंपनीचं अवाढव्य मशीन होतं, पण त्याला सूचना द्यायच्या त्या कागदाच्या पट्टीवर भोकं पाडून. दोन्हीकडे एकच अडचण, आज विचार करा आणि ऐका नंतर. हात हलवला आणि त्याच क्षणी आवाज बदलला असं होत नव्हतं.

ती अडचण व्होल्टेज कंट्रोलने सोडवली. १९६४ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रूमन्सबर्ग गावात रॉबर्ट मूग, जे तोवर थेरमिनची (हवेत हात हलवून वाजवायचं वाद्य) किट्स विकत होते, आणि हर्बर्ट डॉइच हे संगीतकार एकत्र बसले. डॉइचना स्वर नुसता चालू-बंद नको होता, त्याला उठाव आणि उतार हवा होता, तर मूगनी त्यांना दुकानातून दारावरच्या बेलचं बटण आणायला पाठवलं आणि पहिला एन्व्हलप, म्हणजे स्वराचा हा उठाव-उतार, त्या बटणावर चालवला. मुख्य कल्पना अशी की स्वर किती उंच, फिल्टर किती उघडा, आवाज किती मोठा हे सगळं बाहेरून येणाऱ्या व्होल्टेजने ठरवायचं. मूगचं माप म्हणजे १ व्होल्ट वाढवला की स्वर एक सप्तक वर जातो. सप्तकात १२ पायऱ्या धरल्या तर एका पायरीला साधारण ८३ मिलिव्होल्ट. आज दुरुस्तीला आलेल्या मशीनचा कीबोर्ड तपासताना मी मल्टीमीटर लावून हेच बघतो, ५ मिलिव्होल्टची चूक असेल तर स्वर ६ सेंट्स (एका पायरीचे १०० सेंट्स) हलतो, आणि तेवढं गाणाऱ्याला खटकतं.

आता यातून काय होतं ते तुमच्या सॉफ्टवेअरवरच करून बघा. एक ऑसिलेटर स्वराला लावा. दुसरा अगदी हळू, सेकंदाला ५-६ वेळा हलणारा, पहिल्याच्या पिचला, म्हणजे स्वराच्या उंचीला, जोडा, तुम्हाला व्हायब्रॅटो म्हणजे स्वराची थरथर मिळेल. आता दुसऱ्याचा वेग वाढवत न्या. २० च्या पुढे गेलात की थरथर खरखरीत वाटायला लागते, आणि १००-२०० वर पोचलात की ती ऐकूच येत नाही, तिच्या जागी घंटेसारखा, धातूचा रंग येतो. तुम्ही एकच नॉब फिरवला, पण कंपाचा रंग झाला. स्वर आणि स्वराला हलवणारी गोष्ट या दोन्ही एकाच मालाच्या आहेत, कुठलंही आउटपुट कुठल्याही इनपुटला जोडता येतं, हे पियानोवर किंवा गिटारवर तुम्हाला कधीच शिकायला मिळणार नाही. माझ्या दृष्टीने जुन्या सिंथची सगळ्यात मोठी देणगी ती, आणि ती तुमच्या लॅपटॉपवरही शाबूत आहे.

त्याच सुमारास, मूगना माहीत नसताना, सॅन फ्रान्सिस्कोत डॉन बुकला हेच वेगळ्या दिशेने करत होते. सॅन फ्रान्सिस्को टेप म्युझिक सेंटरच्या मॉर्टन सबॉटनिक आणि रॅमोन सेंडर यांना टेप कापत बसायचा कंटाळा आला होता, त्यांना एकट्या माणसाला घरात बसून संगीत करता येईल असं यंत्र हवं होतं. बुकलांनी काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा कीबोर्ड मुद्दाम टाळला आणि बोटाने स्पर्श करायच्या धातूच्या पट्ट्या दिल्या. कारण समोर पियानोसारखा कीबोर्ड आला की माणूस पियानोसारखंच वाजवणार. आणि झालंही तसंच. बुकलावर सबॉटनिक यांची १९६७ ची 'सिल्व्हर ॲपल्स ऑफ द मून' ही रचना झाली, खास एलपीसाठी करून घेतलेली, तिच्यात नेहमीच्या अर्थाने चाल शोधायला गेलात तर हाती लागणार नाही, आवाजाचे पुंजके आणि आपोआप फिरणारे आकृतिबंध आहेत. मूगवर पुढच्याच वर्षी, १९६८ मध्ये, वेंडी कार्लोस यांची बाख या जुन्या युरोपीय संगीतकाराच्या रचनांची रेकॉर्ड आली आणि तुफान खपली, तीन ग्रॅमी मिळाले. दोघांकडे ऑसिलेटर होते, व्होल्टेज होतं. पण समोर कीबोर्ड आहे की नाही एवढ्यावरून एकीकडे बाख आला आणि दुसरीकडे काहीतरी पूर्ण नवीन. लंडनच्या पटनी भागात ईएमएस कंपनीने १९६९ मध्ये व्हीसीएस३ हा सिंथ काढला, त्यात तर भाग जोडायला वायरीच नाहीत, १६ बाय १६ भोकांच्या चौकटीत छोट्या पिना खोचायच्या. त्या पिनांमुळे चुकून भलतीच जोडणी होणं फार सोपं आहे आणि त्याच्यावर जे संगीत झालं त्यात चालीपेक्षा विचित्र घों-घों, वारा, यंत्रं जास्त, हा काही योगायोग नाही.

आतापर्यंतचं एका वाक्यात: आवाजाचे भाग एकमेकांना मोकळेपणाने जोडता यायला लागले, आणि ते जोडायची सोय ज्याने जशी केली तसं संगीत त्यातून बाहेर पडलं.

आता मर्यादा. सुरुवातीचे जवळपास सगळे सिंथ एका वेळी एकच स्वर वाजवायचे आणि त्यांना मेमरी नव्हती. आज तुम्ही प्रीसेट, म्हणजे साठवलेले तयार आवाज, बदलता ती सोय फार उशिरा आली, १९७८ च्या प्रॉफेट-५ मध्ये डेव्ह स्मिथ यांनी मायक्रोप्रोसेसर घातला आणि आवाज साठवता यायला लागले, एका वेळी पाच स्वरही मिळाले. त्याआधी एखादा आवाज परत हवा असेल तर कागदावर नॉब काढून खुणा करायच्या, आणि तरी तो तंतोतंत येईल याची खात्री नाही. कार्लोस यांची बाखची रेकॉर्ड एकेक ओळ वेगळी रेकॉर्ड करून, आठ ट्रॅकच्या टेपवर थर चढवून झाली, आणि मधेमधे मशीन परत परत सुरात लावावं लागायचं. यातून जी सवय लागली, म्हणजे एकच माणूस स्टुडिओत बसून सगळे आवाज स्वतः घडवतो आणि थरावर थर चढवतो, ती आज तुम्ही करता तीच आहे. लॅपटॉपवरच्या घरगुती स्टुडिओची मुळं तिथे आहेत.

१९७० चा मिनीमूग या बाबतीत वेगळा. त्यात वायरी गेल्या, तीन ऑसिलेटर, मग मिक्सर, मग फिल्टर, मग आवाज, हा रस्ता आतच पक्का केला. मॉड्युलरवाल्यांना, म्हणजे सुटे भाग वायरींनी जोडून वाजवणाऱ्यांना, हे नुकसान वाटलं असेल, पण स्टेजवर उभ्या माणसाला डावीकडे पिच व्हील, उजव्या हाताला ४४ पट्ट्या आणि डोळ्यासमोर सगळे नॉब मिळाले. पार्लमेंट या बँडच्या 'फ्लॅश लाइट' गाण्यात, १९७७-७८ च्या आसपास, बर्नी वॉरेल यांनी बास गिटारच्या जागी मिनीमूगचे थर लावले आणि तेव्हापासून डान्सच्या गाण्यात बास सिंथवर असणं ही नेहमीची गोष्ट झाली.

तो जाड बास कसा येतो हे जरा जवळून बघू, कारण 'वॉर्म' म्हणतात त्यातला बराचसा भाग इथे आहे. दोन ऑसिलेटर एकाच स्वरात लावा आणि एक किंचित, समजा ७ सेंट्स, वर न्या. तानपुऱ्याच्या जोडीच्या दोन तारा एकाच स्वरात लावल्या तरी त्यांच्यात जो बारीक हेलकावा राहतो, तसा हेलकावा इथे तयार होतो. ५५ हर्ट्झच्या खर्जात तो सुमारे साडेचार सेकंदांनी एकदा येतो, म्हणजे आवाज हळूच फुगतो आणि आक्रसतो. तोच पॅच (म्हणजे नॉब आणि जोडण्यांची तीच मांडणी) ४४० हर्ट्झला वाजवा, आता सेकंदाला जवळपास पावणेदोन हेलकावे, म्हणून तोच पॅच वर जरा बेसूर वाटतो. खाली जाड आणि वर अस्वस्थ, हे गणित आहे, यात जादू काही नाही, आणि सॉफ्टवेअरमध्येही अगदी असंच होतं. खऱ्या मशीनमध्ये भर एवढीच की हा ७ सेंट्सचा फरक कायम ७ राहत नाही.

का राहत नाही? १ व्होल्टला एक सप्तक हवं असेल तर दर व्होल्टला फ्रीक्वेन्सी दुप्पट व्हायला लागते, आणि हा दुपटीचा हिशेब त्या काळात ट्रान्झिस्टरच्या अंगभूत गुणधर्मावर केला जायचा. तो गुणधर्म तापमानावर हलतो. मशीन गार असताना लावलेला सूर अर्ध्या तासाने सरकतो. म्युनिकला १९७७ मध्ये निर्माते जॉर्जिओ मोरोडर यांनी गायिका डॉना समरचं 'आय फील लव्ह' केलं तेव्हा मूग सुरात राहत नसल्यामुळे थोडं थोडं करून रेकॉर्ड करावं लागत होतं. टँजरिन ड्रीम या जर्मन ग्रुपच्या १९७४ च्या 'फेड्रा'मध्ये तर मूग तापत जाताना बासचा सूर सरकलेला चक्क ऐकू येतो, त्यांनी तो तसाच ठेवला आणि तो त्या रचनेचा भाग होऊन बसला. मला तो भाग फार आवडतो, पुढच्या वेळी हेडफोन लावून ऐका.

या दोन्ही उदाहरणांत मूगची ओळ हाताने नव्हे तर सीक्वेन्सरने वाजत होती, म्हणून सीक्वेन्सरवर यायलाच हवं, आणि माझ्या मते प्रभाव मोजायचाच असेल तर फिल्टरपेक्षा सीक्वेन्सर मोठा. मूगचा ९६० नावाचा सीक्वेन्सर म्हणजे ८ पायऱ्यांच्या तीन रांगा, प्रत्येक पायरीला एक नॉब, त्यावर व्होल्टेज लावायचं आणि मशीन ती फिरत फिरत वाजवत राहतं. बुकलांकडेही सीक्वेन्सर होताच. आता माणसाचे दोन्ही हात मोकळे झाले. चाल मशीन वाजवतंय, तुम्ही फिल्टर हळूहळू उघडताय, एखाद्या पायरीचा नॉब जरा वर करताय, आणि ऐकणाऱ्याचं लक्ष चालीवरून उठून आवाजाच्या बदलावर जातं. आजच्या डान्स ट्रॅकमध्ये दोन मिनिटं एकच ओळ चालते आणि तरी कंटाळा येत नाही, त्याचं कारण हे. 'आय फील लव्ह'मध्ये रॉबी वेडेल या तंत्रज्ञांनी सीक्वेन्सर टेपवरच्या क्लिकला बांधून दिला, त्यामुळे एकावर एक थर अगदी नेमक्या वेळेत बसले, आणि बासच्या ओळीला डिले (प्रतिध्वनी) लावून ती दुप्पट वेगाची भासवली. किक ड्रम मात्र माणसाने वाजवला, कीथ फोर्सी यांनी, कारण सिंथवर मनासारखा किक मिळत नव्हता.

आपल्याकडची गोष्ट सांगतो, कारण ती या सगळ्याशी खरोखर जोडलेली आहे आणि फार लोकांना माहीत नसते. सिंथच्या आधीच मुंबईत इलेक्ट्रॉनिक वाद्य येऊन गेलं होतं. १९५४ च्या 'नागिन'मधली पुंगी आपण सगळ्यांनी ऐकलीय, ती पुंगी नव्हे, क्लॅव्हिओलिन आहे, फ्रान्सच्या कॉन्स्टंट मार्टिन यांनी काढलेलं छोटं कीबोर्ड वाद्य, आणि वाजवणारे होते कल्याणजी, पुढे कल्याणजी-आनंदजी जोडीतले. १९६९ मध्ये अहमदाबादच्या एनआयडीत (नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइन) मूगची मॉड्युलर सिस्टीम आली आणि डेव्हिड ट्यूडर यांनी तिथला स्टुडिओ लावून दिला. ट्यूडर हे अमेरिकन संगीतकार जॉन केज यांचे सहकारी, आणि केजना १९४६ मध्ये न्यूयॉर्कला भारतीय संगीत शिकवलं ते गीता साराभाईंनी. त्या स्टुडिओत १९७२ पर्यंत गीता साराभाई, अतुल देसाई, आय. एस. माथुर, एस. सी. शर्मा, जिनराज जोशीपुरा यांनी काम केलं, मग ते सगळं विसरलं गेलं, टेप्स पडून राहिल्या. पॉल पर्गस यांनी त्या शोधून काढल्या आणि २०२३ मध्ये निवडक भाग प्रसिद्ध झाला. इलेक्ट्रॉनिक म्युझिक आपल्याकडे डिस्कोबरोबर आलं असं ज्यांना वाटतं त्यांनी तो जरूर ऐकावा.

सिनेमात मिनीमूग वाजवणाऱ्या पहिल्या लोकांत मुंबईचे वादक केरसी लॉर्ड होते. आणि १९८२ मध्ये मुंबईचेच वादक चरणजित सिंग यांनी रोलंड कंपनीचा ज्युपिटर-८ सिंथ, टीआर-८०८ हे ताल वाजवणारं मशीन आणि टीबी-३०३ हे बास वाजवणारं मशीन घेऊन दहा राग डिस्को ठेक्यावर वाजवले. तेव्हा ती रेकॉर्ड चालली नाही, २०१० मध्ये परत निघाली तेव्हा जगभरातले लोक चक्रावले, कारण शिकागोत ॲसिड हाउस हा डान्स संगीताचा प्रकार सुरू झाला असं ज्या रेकॉर्डवरून मानतात, फ्युचर या ग्रुपची 'ॲसिड ट्रॅक्स', ती १९८७ ची. मुंबईतून शिकागोला काही गेलं असं मात्र म्हणता येत नाही, दोन्हीकडच्या लोकांना एकमेकांची खबर नव्हती. मशीन तेच होतं, टीबी-३०३, आणि त्या मशीनने दोन्हीकडे त्याच वाटेने नेलं, आणि म्हणूनच मला हे उदाहरण इतकं महत्त्वाचं वाटतं. टीबी-३०३ मध्ये एकच ऑसिलेटर, एक फिल्टर, १६ पायऱ्यांचा सीक्वेन्सर, आणि प्रत्येक स्वराला ॲक्सेंट (जोर) किंवा स्लाइड लावता येते. स्लाइड लावली की पुढचा स्वर नव्याने आघात न होता आधीच्यातून घसरत येतो. म्हणजे रागातली चाल त्यावर बसवायला घेतली तर मींडेच्या जवळ जाणारं काहीतरी आपोआप हाती लागतं. गळ्याची मींड ती नव्हे, तिचा वेग आतच ठरलेला आहे, पण स्वर जोडलेले येतात.

शिकागोच्या मुलांकडे ३०३ कसा आला हेही कळायला हवं. रोलंडने तो गिटार वाजवणाऱ्यांना साथीला बास म्हणून काढला होता, खरा बास गिटारसारखा तो वाजत नव्हता, १९८४ मध्ये बंद केला. १९८३ मध्ये यामाहाचा डिजिटल सिंथ डीएक्स७ आला, मिडी (वाद्यं एकमेकांना जोडायची सामाईक पद्धत) आली, सगळ्यांना नवीन चकचकीत आवाज हवे होते आणि ॲनालॉग मशीन्स सेकंडहँडमध्ये कवडीमोलाने जायला लागली. ज्यांच्याकडे पैसे नव्हते त्यांनी ती घेतली, आणि बासची ओळ चालू ठेवून फिल्टरच्या कटऑफ (तो कुठवर उघडा) आणि रेझोनन्सचे नॉब पिळायला सुरुवात केली. हाउस आणि टेक्नोचा बराचसा आवाज असा स्वस्तातल्या टाकून दिलेल्या मशीन्समधून आलाय. तेव्हा महागडं व्हिंटेज नसलं तर खरं इलेक्ट्रॉनिक म्युझिक होत नाही असं तुम्हाला कोणी सांगत असेल तर तिकडे लक्ष देऊ नका.

आता तुमचा दुसरा प्रश्न, घ्यावा का. हे तीन गोष्टींवर अवलंबून आहे आणि त्या तुम्ही लिहिलेल्या नाहीत: तुम्ही हाताने वाजवता की माउसने स्वर टाकता, लाइव्ह करायचंय का, आणि घेतल्यावर रोज समोर उघडा राहील अशी जागा आहे का. कपाटात ठेवून गरज लागेल तेव्हा काढायचा असेल तर तुम्ही तो काढणार नाही, हे मी बऱ्याच जणांच्या बाबतीत बघितलंय.

माउसने काम करत असाल तर आधी पैसे न घालता एवढं करा. मिनीमूगच्या सॉफ्टवेअरमध्ये सगळे प्रीसेट बंद, रिकामा पॅच, मोनो (एका वेळी एकच स्वर), आणि सेव्ह करायचं नाही. आवाज जमला की लगेच ऑडिओ म्हणून रेकॉर्ड करा आणि पॅच सोडून द्या. पहिले काही दिवस फार त्रास होईल, कारण 'नंतर बदलू' ही सोय गेलेली असेल, पण निर्णय त्याच क्षणी घ्यायची सवय यातूनच लागते. जोडणी शिकायची असेल तर व्हीसीव्ही रॅक हे मॉड्युलर सिंथचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यात वर सांगितलेला व्हायब्रॅटोपासून घंटेपर्यंतचा प्रयोग करा, मग एकाच सीक्वेन्सरचं व्होल्टेज पिचला आणि फिल्टरला एकदम देऊन बघा.

हाताने वाजवत असाल, आणि विशेषतः हार्मोनियम किंवा गाणं शिकलेले असाल, तर मी घ्या म्हणेन, आणि एक-स्वरीच घ्या. एकच स्वर वाजतो याचा पाश्चात्त्य संगीतवाल्यांना जाच होता, कॉर्ड वाजत नाही म्हणून. आपल्या संगीतात एका वेळी एकच स्वर हीच मुळात रीत आहे. मिनीमूगमध्ये दोन पट्ट्या एकदम दाबल्या तर खालचा स्वर वाजतो, आणि पहिली न सोडता दुसरी दाबली तर एन्व्हलप नव्याने सुरू होत नाही. तर ग दाबून ठेवा आणि खालच्या रे ला हलकेच स्पर्श करून सोडा, आवाज रे वर जाऊन आपोआप ग वर परत येतो, मध्ये कुठेही आघात नाही. ग्लाइडचा नॉब थोडासा उघडा ठेवलात तर त्या दोन स्वरांमधला प्रवासही ऐकू येतो. हार्मोनियमवर हे कधीच होणार नाही. नवीन मशीन घेताना विकणाऱ्याला हे दोन प्रश्न नक्की विचारा, खालच्या स्वराला प्राधान्य मिळतं का आणि लेगाटोत, म्हणजे पहिली पट्टी न सोडता दुसरी दाबल्यावर, एन्व्हलप परत सुरू होतो का, कारण प्रत्येक मॉडेलमध्ये हे वेगळं असतं, काहींत सेटिंग बदलता येते.

पहिल्यांदाच घेताय तर नवीनच घ्या. कोर्गच्या व्होल्का मालिकेतला ॲनालॉग सिंथ किंवा बेहरिंगरचा मॉडेल डी, यातल्या कशावरही वरचं बहुतेक सगळं शिकता येतं. सत्तरच्या दशकातलं खरं मशीन मोहात पाडतं, पण ते घ्यायचं तर दुरुस्तीचा खर्च किमतीतच धरायचा.

तरीही कोणी जुनं दाखवलं तर आधी मागे व्होल्टेज लिहिलेलं लेबल वाचा. अमेरिकेतलं मशीन १२० व्होल्टवर चालतं, जपानमधलं १०० वर, आपल्याकडे २३०. सरळ सॉकेटला लावलं तर आतला ट्रान्सफॉर्मर जळतो, कधी कधी त्यामागे बरंच काही जातं, त्यामुळे स्टेप-डाउन लागेलच. मग प्रत्येक नॉब आणि स्लायडर पूर्ण फिरवून ऐका, खरखर आली तर बहुतेकदा काँटॅक्ट क्लीनरने भागतं, पण आवाज मधेच पूर्ण जात असेल तर तो भाग बदलायला लागेल आणि जुन्या मॉडेलचा तोच भाग मिळणं कठीण असतं. कोकणात, मुंबईत, गोव्यात राहत असाल तर पट्ट्यांखालचे काँटॅक्ट काळे पडलेत का ते बघायला सांगा, पावसाळ्यातली हवा त्यांना खाते. घरी आणल्यावरही पावसाळ्यात आठवड्यातून एकदा तासभर चालू ठेवा, बंद पडून राहिलेलं मशीन जास्त बिघडतं.

आणि सूर दोनदा तपासा. एकदा गार असताना, एकदा अर्धा तास चालू ठेवून. फोनवरचा ट्यूनर पुरतो. एकच स्वर खालपासून वरपर्यंत प्रत्येक सप्तकात वाजवायचा, सगळीकडे सारखाच सरकला असेल तर मागचा ट्यूनचा नॉब फिरवून काम होतं, पण खाली बरोबर आणि वर जास्त जास्त चढा होत गेला तर आतलं कॅलिब्रेशन गेलंय, ते करून घ्यायला माहीतगार माणूस लागेल. विकणाऱ्याने मशीन तुम्ही जायच्या आधीच तापवून ठेवलं असेल तर बंद करून चहा प्यायला जा आणि परत येऊन बघा.

कुठलं मॉडेल बघताय, हाताने वाजवता का, आणि तुमच्या ट्रॅकमध्ये सिंथकडून मुख्य काम काय घेता, बास की लीड की नुसता मागचा आवाज, एवढं लिहिलंत तर यापेक्षा नेमकं सांगू शकेन.